झाडांचा वाटा

माझा मामा हवा भरतो. लहानपणी कुणी विचारलं की मी हेच उत्तर द्यायचे आणि समोरच्याला वाटायचं, सायकलीच्या चाकात. आई-वडील लवकर गेले, मी मामा-मामीकडेच वाढले, त्यामुळे शाळेच्या फॉर्मवर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात बाईंनी खुशाल 'पंक्चरचे दुकान' लिहून टाकलं. मामाला कळलं तेव्हा तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेला. चिडलाबिडला नव्हता. "पंक्चर काढण्यात वाईट काही नाही, बाई," तो म्हणाला, "पण नोंद चुकीची आहे." बाईंनी खोडलं, वर बरोबर लिहिलं, आणि खोडलेल्या जागी मामानं त्यांची सहीसुद्धा घेतली. तर असा हा माणूस. त्याच्या हातून काय झालं ते मला सांगायचंय आणि माझ्या हातून काय झालं तेही.

मामा हवा भरतो ती मोजायला. हवा तपासणीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी टोकाला त्याची खोली आहे. तिथं पत्र्याच्या कपाटात स्टीलचे गोळे असतात, छोट्या कळशीएवढे. आधी पंपानं गोळ्यातली सगळी हवा काढून टाकायची. मग तो पिशवीत घालून रस्त्यावर न्यायचा, स्टुलावर चढायचं आणि तोटी फिरवायची. बाहेरची हवा फुस्स करून आत शिरते. मामा डोळे मिटून ती फुस्स ऐकतो, कारण आवाज बरोबर आला नाही तर गोळा गळका आणि सगळी मेहनत पाण्यात. मग तो चिठ्ठी लिहितो: किती वाजले, ऊन किती, वारा कुठून, किती गाड्या गेल्या. ऑफिसात आल्यावर गोळा यंत्राला जोडला की पाऊण तासात कागदावर एकामागून एक टोकं उमटत जातात. प्रत्येक टोक म्हणजे हवेतला एकेक पदार्थ, आणि जेवढं टोक मोठं तेवढा तो जास्त.

"साधी मंडळी आहेत गं सगळी," मामा मला समजावून सांगायचा. "दोन कार्बन, तीन कार्बन, पाच कार्बन. फार डोकं चालवायचं कामच नाही." दोन कार्बन आणि चार हायड्रोजन म्हणजे इथिलीन. फळ पिकताना तो सोडतं आणि त्यानं शेजारचं फळही पिकतं, म्हणून आमच्या घरात पिकलेलं फळ कच्च्यांमध्ये ठेवायची चोरी होती. मामी म्हणायची, "मग माझे केस एवढ्या लवकर का पिकले ते कळलं. तुमच्या शेजारी बसून बसून." मामा यावर गंभीरपणे सांगायचा की केसांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मामी पदर तोंडाला लावून हसायची आणि मग हसण्याचं रूपांतर खोकल्यात व्हायचं.

मामीला दम्याचा त्रास पहिल्यापासून. गेली दोन वर्षं तर ती अंथरुणालाच खिळली होती. पलंग आम्ही खिडकीशी लावला होता. घर पहिल्या मजल्यावर, आणि खिडकीबाहेर छत्रीचं झाड. खरं नाव मामाला माहीत होतं, पण रस्त्यावरचे सगळे त्यांना छत्रीची झाडंच म्हणत. दोन्ही बाजूंना मिळून सव्वीस. आमच्या खिडकीतलं झाड इतकं जवळ होतं की एक फांदी गजांना टेकायची. मामीला त्या झाडाचा सगळा दिनक्रम पाठ होता. सकाळी कुठला पक्षी कुठल्या डहाळीवर बसतो, दुपारी कुठलं पान उलटं होतं, खारीचं कुणाशी बिनसलंय. मी खालच्या माझ्या दुकानातून वर आले की ती आधी झाडाची बातमी सांगायची, मग स्वतःची. घराबाहेरचं जग म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

उन्हाळ्यात भर दुपारी तिचा दम वाढायचा. घरात सगळ्यांना कारण माहीत होतं: ओझोन. तो फार वर असतो तेव्हा उन्हापासून वाचवतो, पण रस्त्यावर, नाकातोंडाशी तयार झाला की छातीत जाऊन बसतो. तो कुणी सोडत नाही, तो हवेतच शिजतो. गाड्यांचा धूर लागतो, कडक ऊन लागतं आणि त्यात कार्बनची मंडळी लागतात. आता गंमत बघा. ही मंडळी पेट्रोलमधूनही येतात आणि झाडांतूनही. आयसोप्रीन म्हणून एक आहे, पाच कार्बन, आठ हायड्रोजन. ऊन तापलं की काही झाडं तो पानांतून सोडतात. पानाला उष्णता सोसायला त्याची मदत होत असावी, असं मामा म्हणायचा. 'होते' नाही, 'होत असावी'. छत्रीची झाडं त्यातलीच.

मागच्या वर्षी ऑफिसनं मामाला आमच्याच रस्त्याचं काम दिलं. मार्चपासून जूनपर्यंत मामा दिवसातून चार वेळा गोळा घेऊन स्टुलावर चढत होता. मामी खिडकीतून हात हलवायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला घरासमोर काम पहिल्यांदाच मिळालं होतं, खुशीत होता अगदी.

मग अहवाल लिहायची वेळ आली. माझं खाली टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ऑफिसचा टायपिस्ट दशांश चिन्ह कुठंही टाकतो म्हणून मामा अहवाल माझ्याकडूनच करून घ्यायचा. साहेबांचा नियम असा की सारांश एका पानात बसला पाहिजे, एक ओळ जास्त झाली तरी कागद परत. मामाचं वाक्य होतं: 'उन्हाळ्यात या रस्त्यावर तयार होणाऱ्या ओझोनमध्ये झाडांचा वाटा चाळीस टक्के आहे, मात्र वाहनांचा धूर नसेल, तर हा वाटा जवळजवळ शून्य होतो.' बाकीचं सगळं बसलं आणि नेमक्या दोन ओळी पानाबाहेर गेल्या.

मी म्हटलं, "मामा, 'मात्र'पासून पुढचं मागच्या पानावर, पाठकोऱ्या बाजूला टाकते. इथं ताऱ्याची खूण देते."

"'मात्र' मागच्या पानावर?" मामा खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आला. "अगं, वाक्य एकच आहे ते."

"तारा दिलाय ना. वाचणारा पान उलटेल."

"उलटेल?"

"उलटेल रे मामा. दुकानात गिऱ्हाईक उभंय, सोड आता."

त्यानं सोडलं. माझ्यावर विश्वास टाकून सोडलं. आणि मी! आख्खं आयुष्य झेरॉक्स मशीनपुढं काढलेली बाई मी. लोक पाठपोट प्रत काढत नाहीत, पुढची बाजू काढली की निघाले, हे दिवसातून पन्नासदा बघते. मला कळायला नको होतं? अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ऑफिसात त्या सारांशाच्या प्रती निघाल्या, एका बाजूच्या. बारा टेबलांवर गेल्या. प्रत्येक प्रतीत चाळीस टक्क्यांवर एक छानसा तारा होता आणि तो कशासाठी आहे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. उपसाहेबांनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिताना 'वाटा' काढून 'हात' केला: ओझोन होण्यात झाडांचा मोठा हात. पेपरवाल्यानं 'हात' वाचून मथळा दिला, 'झाडेच दोषी'. मामा तो पेपर घेऊन माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला, "वाटा म्हणजे दोष होतो का गं? मी भाग लिहायला हवं होतं. वाटा म्हटलं की लोकांना वाटणी आठवते, आणि वाटणी म्हटलं की भांडण." मी त्याला खुर्ची दिली.

आठवड्याभरात प्रत्येक झाडाला पाटी ठोकली गेली. 'हे झाड आरोग्यास अपायकारक वायू सोडते. नऊ दिवसांनी काढण्यात येईल.' सव्वीस पाट्या. मामीच्या झाडाची पाटी खिडकीतून दिसत नव्हती, पण ठोकल्याचा आवाज तिनं ऐकला होता. मी वर गेले तर म्हणाली, "खालचे काय लावून गेले गं झाडाला?" मी खाली वाचलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे यांच्या कागदावरून का?" मी हो म्हटलं. 'मात्र' कुणी मागच्या पानावर टाकला, ते सांगायची माझी छाती झाली नाही.

मामा साहेबांकडे गेला. ऑफिसातही सगळे त्याला मामाच म्हणतात, आणि त्याला मामा बनवायला तिथं कुणी मागंपुढं बघत नाही. पण साहेब माणूस वाईट नाही हो. त्यांनी बसवलं, चहा मागवला, मागचं पान स्वतः वाचलं. वाचून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. धूर नसेल तर झाडांचं काही नाही."

"मग साहेब, थांबवा ना."

"मामा, या रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात?"

"एकोणीस हजार. कमीजास्त चारशे."

"त्या कुणाच्या हातात आहेत? माझ्या आहेत? तुमच्या आहेत? झाडं आपल्या खात्यात येतात. वरून विचारतात, तुम्ही काय केलं? काहीतरी केलं असं दाखवायला नको?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि आकडा तुमचाच आहे. उद्या मी म्हटलं चुकीचा होता, तर तुमची एकतीस वर्षं गेली."

"आकडा चुकीचा नाहीये, साहेब."

"तेच तर म्हणतोय मी."

चहा तसाच ठेवून मामा उठला. शुद्धिपत्र काढायचं ठरवलं त्यानं. शुद्धिपत्र ज्या वाटेनं अहवाल गेला त्याच वाटेनं जातं, बारा टेबलं. मामानं एका टेबलावर एक दिवस धरला आणि आम्ही बोटं मोजली. आठवा दिवस उजाडला तेव्हा कागद चौथ्या टेबलावर होता, आणि त्या टेबलाचे गृहस्थ लग्नाला गेले होते. त्या टेबलासमोर मामा दुपारभर उभा राहिला. शिपायानं शेवटी त्याला स्टूल आणून दिलं.

मध्ये एकदा रस्त्यावरच्या लोकांची बैठकही झाली, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. मला वाटलं, चला, घरं यांची, सावली यांची, हे तरी ओरडतील. मामा बोलायला उभा राहिला. त्याला चार माणसांत बोलायची सवय नाही. त्यानं पाच कार्बन आणि आठ हायड्रोजनपासून सुरुवात केली, मी कपाळाला हात लावला. समोरचा चष्म्यांचा दुकानदार उठून म्हणाला, "ते राहू द्या. सरळ सांगा, झाडं गॅस सोडतात की नाही?"

"सोडतात, पण—"

"संपलं! सोडतात म्हणाले हे स्वतः." 'पण'च्या पुढं मामाला कुणी जाऊच दिलं नाही. एका बाईनं कडेवरचं मूल पुढं करून विचारलं, याच्या छातीत घरघर होते ती यानंच का? मामा तिच्याकडे बघत राहिला. त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. एक शब्द होता, सरळ सोपा. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण की रे नाही! तो म्हणाला, "थोडाफार संबंध असू शकतो. खात्रीनं सांगता येत नाही." झालं. पाटीच्या बाजूनं सह्या पडल्या. एवढा खरेपणा काय कामाचा, मी त्याला जिन्यात फाडफाड बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मुलाची घरघर आहे ती. अंदाजे कसं सांगायचं?"

मग मलाही राहवेना. मी सारांशाच्या शंभर प्रती काढल्या, पाठपोट, माझ्या दुकानात, आणि प्रत्येक झाडाला सुतळीनं बांधल्या. मामी म्हणाली, "आपल्या झाडाला दोन बांध." लोक थांबून पुढची बाजू वाचायचे, आणि पुढच्या बाजूला काय होतं? चाळीस टक्के! मागची बाजू खोडाला चिकटलेली. हे लक्षात आलं तेव्हा मी फूटपाथवरच मटकन बसले. रडावं की हसावं कळेना. धावत जाऊन कागद उलटे करत बसले, तोवर वाऱ्यानं निम्मे नेले होते.

नवव्या दिवशी सकाळी दहाला करवतवाले आले. मामानं रजा टाकली नव्हती. रस्त्याच्या नोंदी सुरूच ठेवायच्या असा हुकूम होता, आधीची आणि नंतरची हवा वेगवेगळी दाखवायची म्हणून. झाडं पडत होती आणि माझा मामा स्टुलावर चढून गोळ्यात हवा भरत होता. मी त्याच्या शेजारी स्टूल धरून उभी होते.

एक एक करत ते आमच्या बाजूला आले. रस्त्यावर कोवळ्या पानांचा ढीग पडला होता आणि सगळीकडे वास सुटला होता, ओला, हिरवा, नुकतं गवत कापल्यावर येतो तसा. जाणारे-येणारे नाक वर करून हुंगत होते. मीही म्हटलं, "काय वास सुटलाय रे."

"सहा कार्बनची मंडळी ती," मामा तोटीवर हात ठेवून म्हणाला. "पान कापलं की लगेच सुटतात. शेजारच्या झाडाला त्यावरून कळत असावं."

"काय कळत असावं?"

"की कापताहेत."

"कळून काय करणार ते?"

मामा शेजारच्या झाडाकडे बघत होता. ते आमचं होतं. "पानं थोडी कडू वगैरे करत असेल, कीड आली तर खाऊ नये म्हणून," तो म्हणाला. "बाकी काय करणार? त्याला कुठं जाता येतं." त्यानं तोटी उघडली. फुस्स झालं ते करवतीच्या आवाजात ऐकूच आलं नाही. माप रद्द धरायला हवं होतं, पण त्यानं चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिलं मात्र काहीच नाही.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. काच खाली करून ते म्हणाले, "मामा, पुढच्या सोमवारपासून स्टेशनचा रस्ता घ्या." मामा म्हणाला, "हो, साहेब." दुसरं काय म्हणणार होता?

आमचं झाड दुपारी दोनला पडलं. गजांना टेकलेली फांदी त्यांनी आधी दोरीनं बांधून खाली घेतली, खिडकीला धक्का लागू दिला नाही, तेवढी माणुसकी दाखवली. आम्ही दोघं वर गेलो. घरात एवढं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. पलंगावर, चादरीवर, औषधांच्या बाटल्यांवर, सगळीकडे पांढरंफटक ऊन. मामी डोळ्यांवर हात आडवा धरून पडली होती. मी पडदा शोधायला लागले. आमच्याकडे त्या खिडकीला पडदा नव्हताच, कधी लागलाच नव्हता. शेवटी चादर काढून गजांना बांधली.

मामा पलंगाच्या कडेवर बसला. त्याच्या शर्टाला भुसा लागला होता, मामी तो झटकत राहिली. तिचा श्वास वर लागलेला, छाती नुसती भात्यासारखी. मला वाटलं आता बोलेल, आता काहीतरी लागेल असं बोलेल, आणि तिला हक्कच होता. मी तर ठरवलं होतं की ती बोलली की लगेच सांगायचं, मामी, 'मात्र' मी मागं टाकला, याचा काही दोष नाही.

"झालं सगळं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग आता," ती थांबली, दम घेतला, "आता निदान धाप तरी कमी लागेल ना हो मला?"

मामानं तिच्याकडे पाहिलं. मला माहीत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय. एकोणीस हजार गाड्या तशाच जाणार होत्या. सावली गेली म्हणजे रस्ता जास्त तापणार होता. कमी होईल की वाढेल, त्यालाही सांगता आलं नसतं. नंतरचा एकही गोळा अजून यंत्राला लागला नव्हता.

"हो," मामा म्हणाला. "कमी लागेल."

"किती?"

"निम्मी."

मामीनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.